टेस्टोस्टेरोन चिकित्सा व मधुमेह

पुरुषाच्या वृषणांत टेस्टोस्टेरोन हे हॉर्मोन (अंतःस्रावी ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांवर परिणाम घडविणारा पदार्थ) पुरेसे तयार होत नसल्यास ते बाहेरून औषधरूपाने देण्यात येते. या उपचारास टेस्टोस्टेरोन चिकित्सा म्हणतात. दाढी-मिशा, घोगरा आवाज, कामेच्छा व शुक्राणूंची निर्मिती यांखेरीज स्नायूंचे वजन, अस्थींची बळकटी, तांबड्या कोशिकांची निर्मिती आणि शरीरातील मेदाची वाटणी यांवरही या हॉर्मोनाचे नियंत्रण असते. स्नायू हे शर्करा वापरणारे प्रमुख ऊतक (समान कार्य करणाऱ्या कोशिकांचा समूह) असल्यामुळे टेस्टोस्टेरोन व रक्तशर्करा यांचा संबंध येतो. प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात हे हॉर्मोन पुष्कळ पुरुषांत कमी आढळते, ही गोष्ट आता निर्विवाद आहे. ते बाहेरून दिल्याने मधुमेह आटोक्यात येतो काय, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादाचा होता. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत, तसेच महाराष्ट्रात अन्यत्रही, मधुमेही पुरुषाची ‘अशक्तपणा’ ही तक्रार नेहमीची असल्याने त्याच्या उत्तराला व्यावहारिक महत्त्व आहे.

प्राचीन विचार : आयुर्वेदात या दोन विषयांची मांडणी स्वतंत्र आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसरा अध्याय वाजीकरणाचा, तर सहावा प्रमेहाचा आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेह व मधुमेह यांना अनुक्रमे अकरावा व तेरावा अध्याय दिला असून वाजीकरण सव्विसाव्या अध्यायात येते. बोकडाच्या वृषणांचा दुधाबरोबर उपयोग तेथे सांगितला आहे. शरीरातील उणीव त्याच अवयवाच्या सेवनाने भरून काढावी, ही कल्पना अशा रीतीने फार जुनी आहे. प्रमेहाच्या चिकित्सेत मात्र या ग्रंथांचा भर वेगळ्या गोष्टींवर दिसतो. चरकाने स्थूल व बलवान रोगी आणि कृश व दुर्बल रोगी असे भेद करून पहिल्यास शोधन, तर दुसऱ्यास पोषण सांगितले. सुश्रुताने जन्मजात व अपथ्यजन्य असे दोन प्रकार मानले आणि निर्धन रोग्याला दूरवर पायी चालणे, विहीर खणणे यांसारखे कष्ट सांगितले. अकराव्या शतकातील इब्न सीना याने मधुमेहाच्या उपद्रवांत मैथुनशक्तीचा ऱ्हास नोंदविला आहे.

आधुनिक संशोधनाचा आरंभ : ग्योटिंगेन येथे १८४९ मध्ये आर्नोल्ट बेर्टोल्ट यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणे काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुरटला व आरवणे बंद पडले. वृषणे पोटाच्या पोकळीत पुन्हा बसविलेल्या कोंबड्यांत हे बदल झाले नाहीत. वृषणांचा प्रभाव तंत्रिकांवाटे न पडता रक्तावाटे पडतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुढील इतिहासात १८८९ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १ जून रोजी पॅरिस येथे शार्ल एद्वार ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या शरीरक्रियावैज्ञानिकांनी कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा जलीय अर्क स्वतःला टोचून घेतल्याचे आणि त्यामुळे तारुण्य परत आल्यासारखे वाटल्याचे जाहीर केले. टेस्टोस्टेरोन पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे त्या अर्कात ते नगण्य असले पाहिजे आणि जाणवलेला लाभ मनाच्या अपेक्षेतून आला असला पाहिजे, असे आज मानतात. त्याच वर्षी स्ट्रॅस्बर्ग येथे ओस्कार मिंकोव्हस्की व योझेफ फोन मेरिंग यांनी कुत्र्याचे अग्निपिंड (जठराच्या मागे असलेली ग्रंथी) काढून टाकले असता त्यास तीव्र मधुमेह होतो, असे दाखविले. पहिल्या घटनेने ग्रंथींच्या अर्कांचा बाजार उभा राहिला. दुसरीमुळे सुरू झालेले संशोधन १९२१-२२ मध्ये टोराँटो येथे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जॉन मॅक्लाउड व जेम्स कॉलिप यांच्या इन्शुलिनाच्या शोधापर्यंत पोहोचले. बँटिंग व मॅक्लाउड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

टेस्टोस्टेरोन शुद्ध स्वरूपात मिळण्यास आणखी काही वर्षे लागली. १९२७ मध्ये शिकागो येथे फ्रेड कॉख व लेम्युएल मगी यांनी बैलांच्या वृषणांपासून क्रियाशील अर्क मिळविला. १९३१ मध्ये आडोल्फ बूटेनान्ट यांनी हजारो लिटर मूत्रापासून अँड्रोस्टेरोन हे संबंधित हॉर्मोन अवघे १५ मिग्रॅ. वेगळे केले. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने सु. १०० किग्रॅ. वृषणांपासून सु. १० मिग्रॅ. टेस्टोस्टेरोन मिळविले आणि त्यास हे नाव दिले. त्याच वर्षी बूटेनान्ट व लेओपोल्ट रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलापासून स्वतंत्रपणे बनविले. दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पोटातून घेतलेले शुद्ध टेस्टोस्टेरोन यकृतात लवकर नष्ट होते. म्हणून तेलातील अंतःक्षेपणे (इंजेक्शने) प्रचारात आली. १९५० नंतरच्या दशकात दोन-तीन आठवडे टिकणारे टेस्टोस्टेरोन एनान्थेट, १९९० नंतर त्वचेवरील पट्ट्या, २००० साली त्वचेवर चोळावयाचे जेल व त्यानंतर सु. तीन महिने पुरणारे अनडेकॅनोएट अंतःक्षेपण उपलब्ध झाले. दरम्यान १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी वृषणे काढल्याने अष्ठीला ग्रंथीचा (मूत्राशयाच्या तळाशी असणाऱ्या पुरुष-ग्रंथीचा) कर्करोग मागे हटतो, असे दाखविले. त्यामुळे या चिकित्सेविषयी दीर्घकाळ धास्ती राहिली.

भारतातील कायदा : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शक्तिवर्धक गोळ्या, पाक व अर्क यांच्या जाहिराती मराठी नियतकालिकांतूनही विपुल येत. १९५४ च्या औषधे व जादूचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने लैंगिक क्षमता टिकविण्याचा वा वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई केली. ज्या रोगांवरील उपचारांची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या अनुसूचीत मधुमेहाचाही समावेश आहे. दीर्घकाळ चालणारा रोग व सांगण्यास लाज वाटणारी तक्रार या दोन्ही बाबतींत रुग्णाची फसवणूक सोपी असते, हे विधिमंडळाने अशा रीतीने एकाच अधिनियमात मान्य केले. असे असूनही ‘गुप्तरोग’ व ‘मर्दानी कमजोरी’ यांच्या भिंतीवरील जाहिराती नाहीशा झालेल्या नाहीत. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही पदार्थांत सिल्डेनाफिल हे आधुनिक औषध गुपचूप मिसळलेले आढळले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या मधुमेही पुरुषास त्यामुळे रक्तदाब एकाएकी घसरून धोका संभवतो.

मधुमेहाशी संबंध : रक्तातील हॉर्मोनांची अत्यल्प सांद्रता मोजण्याची किरणोत्सर्गी खुणेवर आधारलेली पद्धत रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास प्रथम इन्शुलिनासाठी विकसित केली. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही पद्धत पुढे टेस्टोस्टेरोनासही लागू झाली व मधुमेही पुरुषांत त्याची मापने होऊ लागली. २००४ मध्ये बफेलो (न्यूयॉर्क राज्य) येथे संदीप धिंडसा, परेश दंडोना व त्यांचे सहकारी यांना प्रौढ-मधुमेहाच्या १०३ पुरुषांपैकी एकतृतीयांशांत मुक्त टेस्टोस्टेरोन कमी आढळले. त्यांच्या पोष ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा) वृषणांना चेतविणारा स्राव वाढला नव्हता. वृषणे निकामी झाली असती तर तो वाढला असता. याचा अर्थ दोष वृषणांत नसून त्यांना मिळणाऱ्या आदेशात होता.

असे घडण्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात. पोटावरील मेदातील एंझाइम टेस्टोस्टेरोनाचे स्त्री-हॉर्मोनात रूपांतर करते. मेदातून स्रवणारे दाहजनक पदार्थ पोष ग्रंथीचे चेतन मंदावतात. शिवाय इन्शुलिनाला ऊतके दाद देईनाशी झाली, म्हणजे रक्तात टेस्टोस्टेरोन वाहून नेणारे प्रथिन घटते. त्यामुळे हॉर्मोनाचा क्रियाशील अंश पुरेसा असतानाही एकूण मापन कमी भरू शकते. उलट दिशेचा परिणामही खरा आहे. अष्ठीला-कर्करोगासाठी टेस्टोस्टेरोन दाबणाऱ्या औषधांचा परिणाम सु. ७३,००० अमेरिकी पुरुषांत तपासला असता मधुमेहाचा धोका शेकडा ४४ ने अधिक आढळला (२००६). म्हणजे मेद टेस्टोस्टेरोन घटवितो आणि टेस्टोस्टेरोनाची तीव्र उणीव मेद व शर्करा वाढविते. स्त्रियांत हा संबंध उलटा असून त्यांच्यात हे हॉर्मोन अधिक असल्यास मधुमेहाचा धोका वाढतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यात एक विशेष भर पडते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये एक बोलके उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरात मेद शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ होता. दिसण्यात सडपातळ पण मेदाने स्थूल अशा या शरीररचनेमुळे आपल्याकडे केवळ वजनावरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही, कमरेचा घेरही मोजावा लागतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा ८.४ (नागरी १०.९, ग्रामीण ६.५) आढळले. आणखी शेकडा १२.८ लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते.

चिकित्सेच्या चाचण्या : टेस्टोस्टेरोन दिल्यावर मेद घटतो व स्नायू वाढतात, हे दिसून आल्याने त्याचा मधुमेहावर उपयोग होईल, अशी आशा निर्माण झाली. ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीत (२०२१) ५० ते ७४ वर्षे वयाच्या १,००७ पुरुषांचा समावेश होता. ते सर्व कमरेने रुंद असून मधुमेहाच्या उंबरठ्यावरील वा नुकतेच मधुमेह आढळलेले होते. आहार व व्यायाम यांचा कार्यक्रम सर्वांनाच देण्यात आला. शिवाय निम्म्यांना दर तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरोन, तर निम्म्यांना निष्क्रिय अंतःक्षेपण मिळाले. दोन वर्षांनी मधुमेहाची पातळी गाठलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा १२, तर दुसऱ्यात २१ भरले. मात्र पहिल्या गटातील शेकडा २२ पुरुषांत रक्तातील तांबड्या कोशिकांचे प्रमाण (हिमॅटोक्रिट) ५४ टक्के वा त्याहून अधिक झाले. दुसऱ्या गटात असे शेकडा १ पुरुषांतच घडले.

यानंतर अमेरिकेतील बरीच मोठी चाचणी प्रसिद्ध झाली (२०२३). तीत हृदयविकार असलेल्या वा त्याचा धोका असलेल्या आणि टेस्टोस्टेरोन खरोखरच कमी असलेल्या ५,२०० हून अधिक पुरुषांना जेल किंवा निष्क्रिय लेप देण्यात आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू यांचे प्रमाण शेकडा ७.० व ७.३ म्हणजे जवळजवळ सारखे राहिले. आधीच्या काही लहान चाचण्यांमुळे निर्माण झालेली भीती त्यामुळे कमी झाली. तथापि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा विकार, फुप्फुसातील रक्तगुठळी व वृक्कांना (मूत्रपिंडांना) होणारी तीव्र इजा या गोष्टी टेस्टोस्टेरोन घेणाऱ्यांत किंचित अधिक आढळल्या. या पुरुषांपैकी ३,८८० मधुमेही, तर १,१७५ मधुमेहाच्या उंबरठ्यावरील होते. त्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. त्यांनुसार टेस्टोस्टेरोनामुळे मधुमेह होणे टळले नाही आणि असलेल्या मधुमेहाचे नियंत्रणही सुधारले नाही.

दोन्ही चाचण्या एकत्र पाहिल्यास अर्थ स्पष्ट होतो. पहिलीत सर्वांसाठी आहार व व्यायाम यांचा कार्यक्रम होता, दुसरीत तसा नव्हता. केवळ हॉर्मोन दिल्याने रक्तशर्करा सुधारते, यास आधार मिळत नाही. अंतःस्रावविज्ञान संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही मधुमेहाच्या नियंत्रणासाठी म्हणून ही चिकित्सा देऊ नये, असे म्हटले होते. नंतरच्या चाचणीने त्यास पुष्टी दिली. उलटपक्षी वजन उतरल्यावर टेस्टोस्टेरोन आपोआप वाढते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

निदान : थकवा व उदासीनता ही लक्षणे अनियंत्रित मधुमेह, पांडुरोग (ॲनिमिया), अवटू ग्रंथीचे विकार व नैराश्य यांतही आढळतात. लिंगाची ताठरता न येणे हे मधुमेहात बहुधा रक्तवाहिन्या व तंत्रिका यांच्या बिघाडामुळे घडते. म्हणून केवळ लक्षणांवरून निदान करता येत नाही. टेस्टोस्टेरोनाची पातळी सकाळी सर्वाधिक असते व जेवणानंतर उतरते. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी, दोन निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांत ती कमी आढळली, तरच उणीव मानतात. आजारपणात केलेले मापन ग्राह्य धरीत नाहीत.

खानदेशात ही अट पाळणे सोपे नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा शेतकरी पहाटेच्या एस. टी. ने निघून तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी दुपारी पोहोचतो. तोपर्यंत तो भाकरी खाऊन चुकलेला असतो. अशा वेळी घेतलेल्या नमुन्यावरून निरोगी पुरुषासही उणीव असल्याचा शिक्का बसू शकतो. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे भाग पडले. त्यांपैकी पश्चिमेकडील धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विसाव्या शतकातच निघाले, पूर्वेकडील जळगावास मात्र ते २०१८ मध्ये सुरू झाले. या सोयींमुळे अशी तपासणी पूर्वीपेक्षा जवळ आली असली, तरी नमुना कोणत्या वेळी घेतला हे विचारणे आवश्यकच राहते.

उणीव सिद्ध झाल्यावर तिचे कारण शोधावे लागते. जन्मजात गुणसूत्र-दोष, गालगुंडांमुळे वृषणांस झालेला दाह, पूर्वी होऊन गेलेला कुष्ठरोग, पोष ग्रंथीची गाठ ही काही कारणे होत. सांधेदुखीवर झटपट आराम देणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइडे असल्यास ती एकाच वेळी रक्तशर्करा वाढवितात व टेस्टोस्टेरोन घटवितात. अशा रुग्णास हॉर्मोन देण्याआधी वैद्याच्या देखरेखीखाली त्या पुड्या क्रमाक्रमाने बंद कराव्या लागतात.

चिकित्सा व देखरेख : वृषणांचा किंवा पोष ग्रंथीचा खरा विकार असल्यास टेस्टोस्टेरोन चिकित्सा आवश्यक व गुणकारी असते, आणि रुग्ण मधुमेही आहे म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही. अष्ठीला वा स्तन यांचा कर्करोग, गेल्या सहा महिन्यांत झालेला हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात, अनियंत्रित हृदयनिष्फलता व झोपेत श्वास अडखळण्याचा उपचार न केलेला तीव्र विकार असताना ती देत नाहीत.

नजीकच्या काळात अपत्य हवे असलेल्या पुरुषासही ती वर्ज्य आहे. बाहेरून आलेल्या हॉर्मोनामुळे पोष ग्रंथीचे चेतन थांबते व शुक्राणूंची निर्मिती बंद पडू शकते. औषध थांबविल्यावर ती बहुधा परत येते, परंतु त्यास अनेक महिने लागतात. ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणून तरुणाने घेतलेल्या औषधामुळे मूल होईनासे झाले, तरी आपल्या समाजात दोष प्रथम पत्नीला देण्यात येतो व तपासण्याही तिच्याच होतात. म्हणून अपत्यहीन जोडप्यातील पुरुषास अशा औषधांविषयी स्पष्टपणे विचारावे.

चिकित्सा चालू असताना हिमॅटोक्रिट व अष्ठीला यांची तपासणी आरंभी, तीन ते सहा महिन्यांनी व पुढे ठराविक काळाने करतात. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेल्यास औषध थांबवितात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडील तापमान ४५° से. च्या आसपास जाते. अशा वेळी शरीरातील पाणी घटल्याने हा आकडा आणखी वाढतो. डापाग्लिफ्लोझिनासारखी मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणारी औषधेही तो वाढवितात, आणि ती आता मधुमेहात सर्रास दिली जातात. दोन्ही औषधे चालू असलेल्या रुग्णाने उन्हाळ्यात विशेष काळजी घ्यावी. इन्शुलिन घेणाऱ्यांत टेस्टोस्टेरोन सुरू झाल्यावर इन्शुलिनाची गरज कमी होऊ शकते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत रक्तशर्करा अधिक वेळा तपासावी. घाम, थरथर व भोवळ ही रक्तशर्करा फार उतरल्याची लक्षणे घरच्यांस माहीत असावीत.

मधुमेहाच्या नियंत्रणासाठी तीन महिन्यांच्या सरासरीची निदर्शक अशी शर्करायुक्त हीमोग्लोबिनाची चाचणी करतात. सातपुड्यातील भिल्ल, पावरा इ. जमातींत दात्रकोशिका-हीमोग्लोबिन (तांबड्या कोशिकांना विळ्याचा आकार आणणारे हीमोग्लोबिन) बऱ्याच प्रमाणात आढळते. दात्रकोशिका-रोगात तांबड्या कोशिका अल्पायुषी असल्याने ही चाचणी फसवी ठरते. अशा रुग्णांत उपाशीपोटी व जेवणानंतर मोजलेल्या रक्तशर्करेवर भिस्त ठेवतात.

बहुसंख्य मधुमेही पुरुषांत उपचारांचा क्रम असा ठरतो : प्रथम रक्तशर्करा, रक्तदाब व वजन यांचे नियंत्रण, नियमित चालणे व स्नायूंना कष्ट देणारा व्यायाम, पुरेशी झोप आणि दारू व तंबाखू यांचा त्याग. यासाठी प्रादेशिक आहार टाकून देण्याचे कारण नाही. ज्वारी व उडीद यांची कळण्याची भाकरी, डाळी, पालेभाज्या व बेताच्या तेलातील वांग्याचे भरीत हा खानदेशी आहार मधुमेहात चालण्यासारखा आहे. तुपात बुडविलेली बट्टी, पुरणाचे मांडे व तर्रीदार शेवभाजी यांचे प्रमाण मात्र मोजके ठेवावे लागते. पिकलेली केळीही आहारतज्ञाने ठरविलेल्या मापातच खावीत. काही महिन्यांनी टेस्टोस्टेरोन पुन्हा मोजावे. त्यानंतरही ते निःसंशय कमी असून लक्षणे टिकून राहिली, तर लाभ व धोके रुग्णास समजावून देऊन हॉर्मोन सुरू करावे व मधुमेहाचे उपचार पूर्ववत चालू ठेवावेत.